कोपरमिस्त्रीचे एकोणतीस अंश

घरच्या अंगणात पोहण्याचा तलाव बांधणारी माणसं दोन तऱ्हेची. एक, तलावात पोहणारी. दुसरी, तलाव आहे म्हणून सांगणारी. दुसऱ्या तऱ्हेच्यांना पाणी गरम असलं काय नि गार असलं काय, सारखंच. पहिल्या तऱ्हेच्यांना मात्र हीटर लागतो. हीटर आला की तो बिघडतो. आणि तो बिघडला की त्या शहरात गेली पस्तीस वर्षं एकाच माणसाला बोलावणं जायचं. त्याचं खरं नाव विचारलंत तर त्याच्या बायकोलाही घटकाभर आठवावं लागलं असतं. सगळे त्याला कोपरमिस्त्री म्हणायचे.

मिस्त्री म्हटलं की हत्यारांची पेटी डोळ्यांसमोर येते. ह्याचं मुख्य हत्यार अंगालाच जडलेलं होतं. तलावाकाठी तो रबराची चटई अंथरायचा, गुडघे टेकायचा, उजवी बाही दंडापर्यंत दुमडायचा, डोळे मिटायचा आणि उजवं कोपर पाण्यात सोडायचा. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात ना, तसं. पण आयांना कळतं ते एवढंच, की पोळतंय की नाही. ह्याला आकडा कळायचा. "सव्वीस," तो म्हणायचा. मग एक डोळा उघडून, "नाही. साडेसव्वीस." थर्मामीटर घालून बघा, साडेसव्वीस. तो अर्धा अंश तो मुद्दाम मागे ठेवायचा. पहिल्या आकड्यावर माणसं नुसती मान डोलवायची, पण त्या अर्ध्या अंशावर त्यांचे जबडे खाली यायचे.

आणि त्या कोपराच्या जोडीला जीभ होती. कोपर मऊ पाण्यात, जीभ मऊ माणसांत. मऊ लागलं की कोपराने खणायचं, हा त्याचा स्वभावच.

एका डॉक्टरांच्या घरी हीटर पेटतच नव्हता. तीन मिस्त्री येऊन गेले होते, दोन सुटे भाग बदलून झाले होते. कोपरमिस्त्री पंपाच्या खोलीत शिरला, पाइपावर हात ठेवला आणि म्हणाला, "गाळणी शेवटची कधी धुतली?" डॉक्टर बाईसाहेबांकडे बघायला लागले, बाईसाहेब माळ्याकडे.

"पाणीच पुढे सरकत नाही, तर तो पेटेल कशाला? तुम्ही रिकाम्या पातेल्याखाली गॅस लावता का? तेवढी अक्कल आहे त्याला. चला, घरात कुणाला तरी आहे."

दुसऱ्या एका घरी बर्नरच्या नळीच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं होतं, त्यामुळे ज्योत पिवळी पडून विझत होती. त्याने जाळं काडीवर गुंडाळून आणलं आणि पाहुण्यांसमोर घरधन्याच्या पुढ्यात धरलं. "हे घ्या. ह्या घरात नियमित काम करणारं एवढं एकच होतं, तेही मी मारलं." पाहुणे हसले. घरधनीही हसला, पण त्याचं हसू पिवळ्या ज्योतीसारखं होतं.

लोक सहन करायचे. रागाने पाणी गरम होत नाही, त्याला कोपरमिस्त्रीच लागतो.

ह्या माणसाला एकच मुलगी. आणि ह्या हकिकतीतलं सगळं ऊन-गार तिच्यापाशी येऊन थांबतं, म्हणून जरा मागे जाऊ या.

पोरगी लहानपणापासून बापाबरोबर. बाप हीटरच्या मागे आडवा पडलेला आणि ही बॅटरीचा उजेड धरून उभी. "सरळ धर! भिंतीला काय दाखवतेस? भिंत बिघडली आहे का?" हे ऐकत ती वाढली. वायर कशी सोलायची, गाळणी कशी उलटी धुवायची, तांब्याच्या वेटोळ्यांत बसलेला क्षार कसा काढायचा, सगळं तिला बघून बघून यायला लागलं. चिकटपट्टी लावताना शेवटचं टोक बोटभर दुमडायचं, हेही. कारण पुढच्या वेळी उघडणाऱ्याला नखं तोडावी लागू नयेत. ही कोपरमिस्त्रीची खास खूण होती. दुसरा कुणी मिस्त्री पुढच्या माणसाच्या नखांचा एवढा विचार करत नाही. पुढचा माणूस आपणच असणार, अशी ह्याची खात्री होती, म्हणून तो करायचा.

पोरगी पंधरा वर्षांची असताना बाप तिला वकीलबाईंच्या घरी घेऊन गेला. वकीलबाई म्हणजे शहरातलं बडं प्रस्थ. त्यांच्या दारचा तलाव चोवीस पावलं लांब, आणि दर साली थंडी सुरू झाली की तापलेल्या पाण्यात पहिलं पाऊल टाकायचा त्यांचा मोठा सोहळा. खुर्च्या मांडायच्या, बहिणी नि शेजारपाजार जमवायचा, मिस्त्रीने कोपर बुडवून आकडा सांगायचा, मग बाईंनी पाण्यात उतरायचं. थर्मामीटर काढायची मनाई. "साक्षीदार जिवंत असताना कागद कशाला?" असं त्या म्हणायच्या.

त्या दिवशी मिस्त्रीने कोपर बुडवलं. "साडेसव्वीस. नाही, सत्तावीस."

मागून बारीक आवाज आला, "बाबा, साडेपंचवीस."

पोरीने आपलंही कोपर बुडवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तिची तीच गुडघे टेकून बसली होती. खुर्च्यांवरून हशा उसळला. वकीलबाई खूश झाल्या. "वा! दोन साक्षीदार, दोन जबान्या! मिस्त्री, आज काढाच तुमचं ते काचेचं."

मिस्त्रीने पेटीतून थर्मामीटर आणला आणि पाण्यात धरला. खालचा फुगा मुठीत घट्ट. अंगाची ऊब काचेला जेवढी लागायला हवी, तेवढा वेळ त्याने हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग वर काढून दाखवला. सत्तावीस.

"ऐकलंत ना? ही मला शिकवायला निघाली!" तो म्हणाला. "अगं, अजून नाकाचा शेंबूड पुसता येत नाही, आणि अंश सांगतेस? बोल सगळ्यांसमोर. बाबा बरोबर."

पोरीने ती मूठ बघितली होती. ती हातभर अंतरावर होती, न बघून करते काय? ती म्हणाली, "बाबा बरोबर."

"जा, बॅटरी धर."

पुन्हा तिने कधी पाण्यात कोपर घातलं नाही. निदान कुणाच्या देखत नाही.

पुढे तिचं लग्न झालं. जावई चांगला मिळाला, म्हणजे सासऱ्यापुढे मान खाली घालून उभा राहणारा. मिस्त्रीने धंदा त्याला शिकवला. गाडीची किल्ली जावयाकडे, गिऱ्हाइकांचे फोन जावयाकडे. मुलीकडे काय? तर औषधं. तलावाच्या पाण्यात कोणती पावडर किती टाकायची, ते बघायचं काम. "बायकांना मिठाचा अंदाज असतोच," असं मिस्त्री चारचौघांत सांगायचा. ती दर मंगळवार-शुक्रवार पावडरीचे डबे घेऊन घरोघर फिरायची, पंपाच्या खोलीत डबे ठेवायची, झाकणं लावायची, परत यायची. बायकोने एकदा विचारलं होतं, "अहो, पोरीला येतं ना सगळं? मग जावयाला पहिल्यापासून शिकवत बसण्यापेक्षा..." त्यावर मिस्त्री म्हणाला होता, "तिला बॅटरीसुद्धा सरळ धरता येत नव्हती."

जावई बिचारा कोपराच्या वाटेला जायचाच नाही. तो दोरी बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडायचा. म्हणून सासऱ्याने त्याचं नाव ठेवलं, काचकांडी. "या जावईबापू, काचकांडी आणली का? नाहीतर पाणी गरम की गार ते बायकोला विचारायला घरी जावं लागेल!" जावई गिऱ्हाइकांसमोर हे ऐकायचा आणि "हो मामा" म्हणायचा. वायरींना तो प्लॅस्टिकचे पट्टे आवळायचा, चिकटपट्टी लावायचाच नाही. त्यावरूनही बोलणी खायचा.

असं सगळं छान चाललं होतं. छान म्हणजे मिस्त्रीचं.

आणि मग कोपर मेलं.

एका दिवसात नाही. पस्तीस वर्षं पंपांच्या खोल्यांत सिमेंटवर उजव्या कोपरावर रेलून आडवं पडायचं, म्हणजे आतली शीर किती दिवस सोसेल? आधी करंगळीला मुंग्या आल्या. मग पाना हातातून सुटायला लागला. मग एक दिवस स्वयंपाकघरात तो ओट्याला टेकून बोलत उभा होता आणि बायको ओरडली, "अहो, हात! हात!" कोपर तापल्या तव्याला टेकलेलं होतं. कातडी पांढरी पडलेली, आणि ह्याचं बोलणं चालूच.

त्याने खाली बघितलं, कोपर उचललं आणि म्हणाला, "एवढं काही नाही."

"पोळलं नाही तुम्हाला?"

"म्हटलं ना, एवढं काही नाही. आणि हे कुणाला सांगायचं नाही."

ज्या बाईला जन्मभर ह्याने चहा अर्धा अंश निवला म्हणून परत पाठवला होता, त्या बाईला ह्याने गुपित सांभाळायला दिलं. तिने ते संध्याकाळपर्यंत सांभाळलं. संध्याकाळी मुलगी आली तेव्हा भाजी निवडता निवडता आईने सांगून टाकलं. दोघी आधी हळहळल्या. मग आईने त्याची नक्कल केली, "एवढं काही नाही," आणि मुलीला हसू आवरेना. हसता हसता तिने हातातली भाजी खाली ठेवली.

"आई, मग बाबा अंश कसा सांगतात?"

आईने खांदे उडवले. पण मुलीला कळायला दोनच घरं लागली. बाप आधी पंपाच्या खोलीत जायचा, "जरा आवाज ऐकतो" म्हणून. तिथे हीटरच्या पाटीवर पाण्याचा आकडा लाल अक्षरांत लिहून आलेला असतो. तो वाचायचा. मग बाहेर येऊन चटई, बाही, डोळे, कोपर, सगळं साग्रसंगीत. आकडा वाचलेला, त्यातून अर्धा मागे ठेवलेला. नाटक पहिल्यासारखंच, फक्त देव्हाऱ्यातला देव उठून गेलेला.

खरं म्हणजे डाव्या हाताचं एक बोट बुडवलं असतं तरी गरम-गार कळलं असतं. पण ते मिस्त्रीच्या मनात आलं नाही. डावं बोट बुडवणं म्हणजे उजवं कोपर मेल्याचं स्वतःशी कबूल करणं. मेलेल्या माणसाचं औषध चालू ठेवणारी घरं असतात, त्यातलाच हा प्रकार.

थंडी सुरू झाली. वकीलबाईंचा निरोप आला. त्यांची सत्तरी उलटली होती आणि आता तो नुसता सोहळा उरला नव्हता. गुडघे गेले होते. डॉक्टरांनी कोमट पाण्यात चालायला सांगितलं होतं, एकोणतीसच्या खाली नाही. "ह्या वर्षी आकडा नीट सांगा, मिस्त्री," त्या फोनवर म्हणाल्या. "गुडघे तुमच्या स्वाधीन करतेय." मिस्त्रीने फोन ठेवला आणि दोन दिवस घरात छाती काढून फिरला. हे एक घर टिकलं म्हणजे त्याचं नाव टिकलं, कारण वकीलबाई बोलल्या की शहर ऐकायचं.

शुक्रवारी सकाळी जावयाने हीटर पेटवून दिला. दुपारी मुलगी पावडरीचे डबे ठेवून आली. रविवारी सकाळी खुर्च्या मांडल्या गेल्या.

वारा होता, आभाळ राखाडी होतं. गाडीतून उतरताना मिस्त्री जावयाला म्हणाला, "काचकांडी गाडीतच राहू दे. ह्या घरी ती दाखवायची नाही." मग तो पंपाच्या खोलीत गेला. पंप घुमत होता, हीटर गप्प होता. पाटीवर लाल आकडा होता एकोणतीस. हवं तेवढं तापलं की हीटर आपला आपण विझतो, त्यामुळे गप्प असणं ठीकच होतं. मिस्त्री खूश होऊन बाहेर आला.

थंड हवेत एकोणतीस अंशांचं पाणी वाफाळतं. त्या पाण्यावर वाफ नव्हती. मिस्त्रीने ते बघितलं, नाही असं नाही. मनात म्हणाला, वाऱ्याने उडत असेल.

वकीलबाई जाड पंच्याच्या कापडाचा झगा घालून काठी टेकत आल्या. दोन बहिणी, शेजारी-शेजारीण, त्यांची सून, सगळे खुर्च्यांवर. मुलगी औषधांची पेटी घेऊन मागच्या भिंतीशी उभी.

"काय मिस्त्री, कोपराला गंज चढला की काय?" शेजारी म्हणाले.

"कोपराला नाही, माणसांना चढतो. तुमचं पोट बघा, त्या तलावात बसवलं तर पाणी बाहेर येईल," मिस्त्री म्हणाला. हशा झाला. चटई अंथरली. बाही दुमडली. डोळे मिटले. कोपर बुडालं.

कोपराला काही कळलं नाही. ते हवेत धरल्यासारखं पाण्यात राहिलं.

"साडेअठ्ठावीस," मिस्त्री म्हणाला. मग एक डोळा उघडून, "नाही. एकोणतीस. बरोब्बर एकोणतीस."

टाळ्या पडल्या. वकीलबाईंनी झगा काढून बहिणीच्या हातात दिला, काठी टाकली, कठड्याला धरलं आणि पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं. पायरी निसरडी होती, गार की गरम कळायच्या आत त्या कमरेपर्यंत गेल्या.

त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो कोर्टात कुणी ऐकला नसेल. टिटवी ओरडावी तसा. दोन्ही हात हवेत, मान मागे, दात कडकड वाजताहेत. जावई आणि शेजारी उड्या मारत गेले आणि त्यांना दोन्ही काखांत धरून वर ओढलं. बाहेर काढलं तर गुडघे निळे, आणि गुडघे वळेनात. खुर्चीत बसवलं तेव्हा पाय ओंडक्यासारखे समोर ताठ. बहिणी टॉवेलांनी घासत होत्या आणि बाई हूं हूं हूं करत होत्या.

आणि मग धाकट्या बहिणीला हसू फुटलं. दाबायचा प्रयत्न केला बिचारीने, पण ते शेजाऱ्यांना लागलं, मग सुनेला, मग सगळ्यांना. मिस्त्री अजून चटईवर गुडघे टेकून होता. कोपरावरून पाणी गळत होतं.

"मिस्त्री," शेजारी म्हणाले, "अजून एकदा बुडवा! ह्या वेळी डोकं बुडवा, ते तरी चालतंय का बघू."

वकीलबाईंच्या दातांचा ताशा जरा थांबला. त्या हसत नव्हत्या. त्यांनी मागच्या भिंतीकडे बघितलं. "ए पोरी. तू ये इकडे. सांग बघू किती आहे ते."

मुलगी आली. चटई मागितली नाही, फरशीवरच बसली. बाही वर केली, उजवं कोपर सोडलं. डोळे उघडेच.

"अठरा," ती म्हणाली. अर्धा वगैरे काही मागे ठेवलं नाही.

"काचकांडी आणा गाडीतून," वकीलबाई जावयाला म्हणाल्या. आज हे नाव त्यांनीही घेतलं. जावई धावत गेला, दोरी सोडली, वर काढली, सगळ्यांना दाखवली. अठरा.

"आज फुग्यावर मूठ नव्हती ना कुणाची?" वकीलबाई म्हणाल्या. मिस्त्रीने मान वर केली. "बघू नका असं. वीस वर्षांपूर्वी ह्याच खुर्चीत बसले होते मी. साक्षीदाराचे हात बघायचे, ही माझी सवय आहे. तेव्हा बोलले नाही, कारण गंमत वाटली. पोरीचं तोंड काय झालं होतं!" त्यांनी टॉवेल आवळला. "आता तुमचं झालंय तसं. सारखंच दिसतं हो, घराण्याचा चेहरा."

मिस्त्री उठला. "हीटरमध्ये काहीतरी गडबड आहे," असं काहीतरी पुटपुटत पंपाच्या खोलीकडे निघाला. मागून शेजारी म्हणाले, "हीटरमध्ये? बरं बरं!"

खोलीत लाल आकडा तसाच होता. एकोणतीस. मिस्त्रीने दार लावून घेतलं. कोपर मेलं असलं तरी डोकं मेलं नव्हतं. पाणी अठरा आणि पाटी एकोणतीस, म्हणजे पाटीला पाण्याची खबर देणारा सेन्सर पाण्यापाशी नाही. त्याने हीटरचं झाकण काढलं. पाइपातला सेन्सरचा खळगा रिकामा. वायर बाहेर निघाली होती. त्याने डाव्या हाताने वायरीचा माग काढला. ती हीटरच्या मागून खाली गेली होती, आणि खाली पंपाच्या मोटरीच्या पायाशी, लोखंडाला काळ्या चिकटपट्टीने सेन्सर बांधलेला होता.

मोटर चालली की गरम होते. वर हात ठेवला तर चटका बसेल, पण पायाशी ती तेवढी तापत नाही. त्या सगळ्या लोखंडावर अंगठ्याएवढी एकच जागा अशी असणार, जिथे बरोब्बर एकोणतीस अंश असतील. सेन्सर नेमका तिथे. हीटरला वाटलं, पाणी तापलं, म्हणून तो विझून बसला. पाणी गारच राहिलं, आणि पाटी एकोणतीस सांगत राहिली.

आधी त्याच्या मनात जावई आला. "काचकांडी! ह्याने..." आणि तो थांबला. जावयाला अशी जागा काचकांडीने शोधायला जन्म गेला असता. लोखंडावर बोटं फिरवून एकोणतीस ओळखणारं माणूस ह्या शहरात, आता, एकच उरलं होतं. त्याने वाकून चिकटपट्टी बघितली. शेवटचं टोक बोटभर दुमडलेलं होतं.

मिस्त्री फरशीवर बसला. वीस वर्षांपूर्वी त्याने काच मुठीत तापवली होती. आज पाटीचा सेन्सर मोटरीवर तापवला गेला होता. त्याला चीड आली. चांगलीच आली. तो उठला, दाराकडे गेला. आत्ताच्या आत्ता बाहेर जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं, की हे बघा, सेन्सर काढून ठेवलाय, लबाडी झालीय माझ्याशी, घरच्याच माणसाने केलीय!

त्याचा हात कडीवर होता. आणि कडीवरच राहिला.

कारण बाहेर जाऊन हे सांगितलं, की वकीलबाई एकच प्रश्न विचारणार. "सेन्सर खोटं बोलला असेल, मिस्त्री. पण तुम्ही कुठे सेन्सर वाचता? तुम्ही तर कोपराने सांगता ना?"

कोपर खरं असतं तर ही लबाडी त्याला लागलीच नसती. पाणी अठरा आहे हे त्याने काठावरच सांगितलं असतं आणि वर दोन टोमणे मारले असते. हा सापळा फक्त खोट्या माणसालाच लागेल, असाच लावलेला होता. ओरडणं म्हणजे चोराने पोलिसात जाऊन सांगणं, की मी चोरी करत असताना माझं पाकीट मारलं.

दार बाहेरून ढकललं गेलं. मुलगी आत आली, दार लावून घेतलं.

"तू," मिस्त्री म्हणाला.

"काय मी?"

"त्या म्हातारीचे गुडघे गेले असते."

"आठ दिवस दुखतील. गुडघे तुमच्या स्वाधीन केले होते त्यांनी, माझ्या नाही. तुम्ही बोट जरी बुडवलं असतंत ना बाबा, तर मी हरले असते. शुक्रवारपासून तेवढंच मनात होतं, बुडवतील, बोट तरी बुडवतील."

"मला येऊन सांगायचं होतंस. घरात सांगायचं होतंस."

"काय सांगायचं होतं? बाबा बरोबर?"

मिस्त्रीने उजवा हात उचलला. मारायला असेल, किंवा आणखी कशाला, ते त्याचं त्यालाही कळलं नसावं, कारण हात अर्ध्यावरच लुळा पडला. मुलीने त्या हाताकडे बघितलं, तव्याच्या डागाकडे बघितलं. तिच्या तोंडावर काही हललं नाही.

"बाहेर जाऊन सांगणार आहात का?" तिने विचारलं.

मिस्त्रीने दाराकडे पाठ फिरवली.

"मग सरका."

ती मोटरीपाशी बसली, दुमडलेलं टोक चिमटीत धरून एका झटक्यात पट्टी काढली, सेन्सर पाइपाच्या खळग्यात बसवला. पाटीवरचा आकडा खाली यायला लागला. पंचवीस, बावीस, एकोणीस, अठरा. खालच्या काचेतून निळी ज्योत फुलली आणि हीटर गुरगुरायला लागला. मुलीने बाहेर जाऊन सांगितलं, "एक वायर निसटली होती. परवा सकाळपर्यंत तापेल." सगळ्यांनी ते ऐकलं, आणि वायर निसटली हे सगळ्यांना पटलं. कोपर निसटलं हे त्याच्याही आधी पटलं होतं.

शहरात त्याची गोष्ट व्हायला दोन दिवस लागले. डॉक्टरांच्या घरी ती सर्वांत जास्त वेळा सांगितली गेली. कोळ्याच्या जाळ्यावाल्या घरी तर म्हणे पाहुण्यांना खास त्यासाठी बोलावलं. घरी बायकोने चहा पुढे ठेवला तेव्हा तो जरा निवलेला होता. मिस्त्रीने कपाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "किती आहे हो?" तिने विचारलं. त्याने चहा पिऊन टाकला.

आठ दिवसांनी वकीलबाईंचा फोन आला, पण जावयाला नाही, मिस्त्रीलाही नाही. मुलीला. गाडीची किल्ली जावयाने आपण होऊन तिच्या हातात दिली. त्याला कुणालातरी "हो" म्हणायचंच असतं, कुणाला हे महत्त्वाचं नाही. मिस्त्री घरी बसला असता. पण मुलगी दारात थांबून म्हणाली, "बाबा, चला. तुम्ही लागणार आहात." आणि त्याला वाटलं, खरंच वाटलं हो, की आपण लागणार आहोत. त्याने धुतलेला सदरा घातला.

ह्या वेळी खुर्च्या नव्हत्या. बाई, त्यांची काठी, एवढंच. मुलीने कोपर बुडवलं. "एकोणतीस."

"साडेएकोणतीस," मिस्त्री मागून म्हणाला. सवयीने तोंडातून गेलं.

कुणी वळून बघितलंसुद्धा नाही. वकीलबाई पाण्यात उतरल्या, "आहाहा" म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

मुलगी पंपाच्या खोलीत गेली. तांब्याच्या वेटोळ्यांत क्षार बसला होता, तो काढायचा होता. ती हीटरच्या मागे आडवी पडली, आणि अंधारातून तिचा हात मागे आला. हातात बॅटरी होती.

"धरा."

त्याने ती उजव्या हातात घेतली, पस्तीस वर्षांची सवय. पण त्या हाताला बॅटरी धरलेली आहे की सुटलेली, हे कळेना. म्हणून दर थोड्या वेळाने त्याला हाताकडे बघावं लागायचं, आणि त्याने हाताकडे बघितलं की उजेड भिंतीवर जायचा.

"सरळ धरा बाबा," हीटरच्या मागून आवाज आला. "भिंत बिघडलेली नाही."